थीब्जचा फेरतपास : ‘राजा ईडिपस’ विद्यार्थ्यांनी ओळीओळीनं का वाचावं

‘ईडिपसचा नाश नियतीमुळे आणि त्याच्या अहंकारामुळे झाला.’ ग्रीक शोकात्मिकेवर प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत हे वाक्य हमखास भेटतं. त्याला गुणही मिळतात. अडचण अशी की हे वाक्य लिहायला नाटक वाचावंच लागत नाही, गाइडमधलं दीड पान पुरतं. ज्यानं नाटक नीट वाचलंय त्याचं पेन मात्र इथे अडखळतं. त्याला आठवतं की भाकितात जे जे होतं, म्हणजे ईडिपसच्या हातून बापाचा खून आणि आईशी लग्न, ते नाटकाचा पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधीच घडून गेलेलं आहे. आपल्यासमोर घडतो तो एका दिवसाचा तपास. तो कसा करायचा, कुणावर संशय घ्यायचा, कुणाचं ऐकायचं आणि कुठवर जायचं, हे सगळे निर्णय ईडिपसचे स्वतःचे आहेत.

सारांश वाचणाऱ्याला दैव दिसतं, नाटक वाचणाऱ्याला तपास दिसतो. जुन्या शोकात्मिका आज का वाचायच्या याचं आमचं उत्तर या फरकात आहे. ते सरसकट मांडण्याऐवजी या एकाच नाटकाचं प्रकरण उलगडून, ते वर्गात कसं वाचायचं यासह पुढे दिलं आहे.

प्रकरण

सॉफोक्लीझनं हे नाटक अथेन्समध्ये इसवी सनपूर्व पाचव्या शतकात लिहिलं. पहिल्या प्रयोगाचं साल नोंदलेलं नाही. बहुतेक अभ्यासक ते इ.स.पू. ४२९ च्या आसपास धरतात, कारण इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये भीषण साथ आली होती आणि नाटकही साथीनंच सुरू होतं. नाट्यस्पर्धेत या नाटकाच्या संचाला पहिलं बक्षीस मिळालं नाही, ते फिलोक्लीझ या नाटककाराला गेलं, अशी प्राचीन नोंद आहे. नाटक १५३० ओळींचं आहे. पु. ल. देशपांडे यांनी ते ‘राजा ओयदिपौस’ या नावानं मराठीत आणलं आहे, त्यामुळे इंग्रजीची भीती हे न वाचण्याचं कारण उरत नाही.

थीब्ज नगरात पिकं करपतायत, गुरं मरतायत, बायकांना मेलेली मुलं होतायत. लोक हातात फांद्या घेऊन राजवाड्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले आहेत. राजा ईडिपसनं त्याआधीच मेहुणा क्रेऑन याला डेल्फीच्या देवळात अपोलो देवाचा कौल घ्यायला पाठवलं आहे. तो परततो आणि विचारतो, इथे सगळ्यांसमोर सांगू की आत जाऊन? ईडिपस म्हणतो, सगळ्यांसमोर सांग. ही साधी देवघेव विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावी. नाटकाच्या शेवटी हाच क्रेऑन आंधळ्या ईडिपसला चटकन आत न्या म्हणून सांगतो. उघड्यावर सुरू झालेलं प्रकरण दाराआड जातं.

कौल असा, की आधीचा राजा लायस याचा खुनी या भूमीत आहे. त्याला हाकला किंवा मारा, म्हणजे विटाळ जाईल. इथून ईडिपस जुनं प्रकरण उघडतो. त्याचे पहिले प्रश्न चोख आहेत : खून कुठे झाला? बरोबर कोण होतं? कुणी वाचलं का? तेव्हाच तपास का झाला नाही? उत्तरं मिळतात, की लायस डेल्फीच्या वाटेवर मारला गेला, एकच नोकर जिवंत परतला, आणि त्या वेळी स्फिंक्स या कोडं घालणाऱ्या राक्षसीच्या संकटात शहर इतकं गुंतलं होतं की तपास राहून गेला.

एक दरोडेखोर की अनेक

परतलेल्या नोकरानं एकच गोष्ट ठामपणे सांगितली होती. क्रेऑन ती सांगतो : दरोडेखोरांनी गाठलं, एकाच्या हातानं नव्हे, पुष्कळ हातांनी मारलं (ओळी १२२–१२३). लगेच पुढच्या ओळीत ईडिपस म्हणतो, इथून कुणी पैसे चारल्याशिवाय ‘त्या दरोडेखोराची’ एवढी हिंमत कशी झाली असती? अनेकवचनाचं एकवचन झालं. रंगमंचावर कुणाच्या लक्षात येत नाही. वाचकाच्या लक्षात यायला हवं, आणि ते फक्त मूळ ओळी समोर असतील तरच येतं. कोणताही सारांश हा बदल टिपत नाही, कारण सारांशाला वचनाशी देणंघेणं नसतं. मराठी अनुवाद वाचतानाही ‘दरोडेखोर’ हा शब्द एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच दिसतो, म्हणून क्रियापदावर बोट ठेवायला शिकवावं : ‘आला’ की ‘आले’?

पुढे जवळपास सातशे ओळींनंतर सगळं प्रकरण याच एका वचनावर येऊन टेकतं. योकास्टा, म्हणजे लायसची विधवा आणि आता ईडिपसची राणी, नवऱ्याची समजूत घालायला जाते. भाकितांवर विश्वास ठेवू नकोस, ती म्हणते. लायसला मुलाच्या हातून मरण सांगितलं होतं. मूल तर तीन दिवसांचं असताना घोटे जखडून डोंगरावर टाकलं, आणि लायसला परक्या दरोडेखोरांनी तिठ्यावर मारलं. धीर देण्यासाठी सांगितलेल्या गोष्टीतला ‘तिठा’ हा शब्द ईडिपसला घाव घालून जातो. आता तो पहिल्यासारखेच नेमके प्रश्न विचारतो. तिठा कुठला? फोकिस प्रदेशातला, डेल्फी आणि डौलियाकडून येणाऱ्या वाटा मिळतात तो. कधी? तू राज्यावर येण्याच्या जरा आधी. दिसायला कसा होता? उंच, केस नुकते पांढरे होऊ लागलेले, बांधा तुझ्यासारखा. किती माणसं होती? पाच, त्यांत एक चोपदार, आणि गाडी एकच.

मग ईडिपस स्वतःचा जबाब देतो. कॉरिंथमध्ये राजा पॉलिबस आणि राणी मेरोपे यांचा मुलगा म्हणून तो वाढला. मेजवानीत एक दारू प्यायलेला माणूस बरळला की तू बापाचा मुलगाच नाहीस. आईबापांनी ते फेटाळलं तरी शंका गेली नाही, म्हणून तो डेल्फीला गेला. देवानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, वेगळंच सांगितलं : तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. इथे वर्गात थांबायचं आणि एक मिनिट गप्प बसायचं. आपले आईबाप कोण हे विचारायला गेलेला माणूस, ते न कळताच, ‘कॉरिंथचे तेच माझे आईबाप’ असं गृहीत धरून कॉरिंथपासून दूर पळाला. ज्या शंकेनं त्याला घराबाहेर काढलं ती शंकाच तो वाटेत विसरला. भीती मोठी झाली की मूळ प्रश्न हातातून सुटतो. हे कुठल्याही विद्यार्थ्याला स्वतःच्या आयुष्यातून कळतं.

तिठ्यावर गाडीतल्या म्हाताऱ्यानं त्याला फटका मारला, त्यानं म्हाताऱ्याला मारलं, आणि ‘सगळ्यांना मारलं’ असं तो सांगतो (ओळ ८१३). पण एक नोकर जिवंत सुटलेला आहे. म्हणजे वार करणाऱ्याचीही मोजदाद चुकलेली आहे. आता आशा एकच. नोकर आजही ‘अनेक दरोडेखोर’ म्हणत असेल तर मी खुनी नाही, कारण एक म्हणजे अनेक नव्हे. ठीक आहे, त्याला बोलवा.

तो येतो. धनगर आहे तो. आणि त्याला लायसच्या खुनाबद्दल एकही प्रश्न विचारला जात नाही.

पहिल्या वाचनात हे बहुतेकांच्या नजरेतून निसटतं. मधल्या काळात कॉरिंथहून दूत आलेला असतो, पॉलिबस वारल्याची बातमी घेऊन. ईडिपसची भीती घालवावी म्हणून तो सांगून टाकतो की पॉलिबस तुझा बाप नव्हताच. किथेरॉन डोंगरावर लायसच्या एका गुराख्यानं तुला माझ्या हाती दिलं, तुझे घोटे टोचलेले होते. वृंद, म्हणजे मंचावरचा नगरवासीयांचा समूह, म्हणतो, तो गुराखी म्हणजे आपण बोलावलेलाच माणूस असावा. खुनाचा साक्षीदार आणि बाळ वाचवणारा माणूस एकच निघतो, आणि त्या क्षणापासून ईडिपसला फक्त बाळाबद्दल जाणून घ्यायचं असतं. ‘एक की अनेक’ हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. सत्य बाहेर आलं हे खरंच, पण ज्या पुराव्यासाठी साक्षीदार बोलावला तो पुरावा कुणी घेतलाच नाही. विधी, पत्रकारिता किंवा वैद्यक शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं या एका जागेसाठी तरी नाटक पूर्ण वाचावं. निष्कर्ष हाती आला की आधीचे उघडे प्रश्न आपण न विचारताच मिटवून टाकतो. हा दोष शिकवून कळत नाही, स्वतः फसल्यावरच कळतो, आणि हे नाटक वाचणाऱ्याला रीतसर फसवतं.

वर्गात वाचायची रीत

पन्नास मिनिटांच्या आठ तासिका धराव्यात. सलग मोठ्यानं वाचलं तर नाटक दोनेक तासांत संपतं, पण थांबत आणि मागे जात वाचायला तिप्पट वेळ लागतो. पहिल्या तासिकेत ओळी १ ते १५०, म्हणजे फक्त सुरुवातीचा प्रवेश. दुसरीत १५१ ते ४६२ : वृंदाचं पहिलं गीत, राजाची जाहीर आज्ञा आणि शाप, आणि आंधळा द्रष्टा टायरेसिअस. तिसरीत ६७७ पर्यंत, क्रेऑनशी भांडण. चौथीत ८६२ पर्यंत, म्हणजे तिठा. पाचवीत कॉरिंथचा दूत, ११०९ पर्यंत. सहावीला ओळी मुद्दाम कमी ठेवाव्यात, १११० ते १२२२, म्हणजे धनगराची जबानी दोनदा वाचता येते. सातवीत उरलेलं सगळं. आठवी लेखनासाठी. अनुवादात ओळक्रमांक छापलेले नसतील तर मुलांनी पेन्सिलनं प्रवेशांच्या खुणा करून घ्याव्यात, नाहीतर निम्मा वेळ ‘कुठल्या पानावर?’ यातच जातो.

सुरुवातीला एक काळजी घ्यायची. गोष्ट आधी सांगून टाका, निवाडा सांगू नका. शेवट कळला तर मजा जाईल अशी भीती शिक्षकांना वाटते, ती इथे गैरलागू आहे. अथेन्समधल्या प्रेक्षकांना ही कथा ठाऊक होती. ती ठाऊक असते म्हणूनच ईडिपस ‘लायससाठी मी माझ्या बापासाठी लढावं तसा लढेन’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. लपवायचे ते शब्द ‘नियती’, ‘अहंकार’ आणि ॲरिस्टॉटलचा ‘हामार्तिया’ (त्याबद्दल पुढे). ते फळ्यावर पहिल्या दिवशी आले की पुढच्या सात तासिका मुलं फक्त त्यांचे दाखले शोधत बसतात.

प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता हवा, चार रकान्यांचा : कोण बोललं, काय सांगितलं, ते त्याला कसं कळलं (पाहिलं, ऐकलं की अंदाज), आणि त्या वेळी मंचावर आणखी कुणाला ते ठाऊक होतं. तिसरा रकाना भरताना मुलं कुरकुरतात, पण सगळा अभ्यास त्यातच आहे. तिठ्यावरच्या घटनेबद्दल क्रेऑन, योकास्टा आणि वृंद बोलतात ते सगळं ऐकीव आहे. वृंद तर ‘दरोडेखोर’ न म्हणता ‘कुणी वाटसरू’ म्हणतो, आणि तेच सत्याच्या सर्वात जवळ आहे. तक्ता नीट भरला तर विसंगतीही आपोआप वर येतात. योकास्टा म्हणते की मूल लायसनं दुसऱ्यांच्या हातून टाकवलं. धनगर म्हणतो की मूल तिनंच माझ्या हातात दिलं. कुणी खोटं बोललं, की इतक्या वर्षांत तिनं स्वतःला तसं सांगून घेतलं? याचं उत्तर नाटक देत नाही. आणखी एक, लायसच्या मृत्यूची बातमी ईडिपस राज्यावर येण्याच्या आधी आली असंही ती सांगते, आणि परतलेल्या नोकरानं ईडिपसला गादीवर पाहून दूर रानात पाठवण्याची विनवणी केली असंही. कालक्रम जुळत नाही. एखाद्या मुलीनं हे पकडलं तर ‘चूक लेखकाची’ म्हणून तिला गप्प करू नये. त्या नोकराला राजवाड्यापासून दूर का जायचं होतं, या प्रश्नापर्यंत ती आपोआप जाते.

भूमिकावाटप करताना ग्रीकांची पद्धत वापरून पाहावी. संवाद बोलणारे नट तीनच आणि वृंदात पंधरा जण. ईडिपस एकानं धरला की बाकी हिशेब जवळजवळ आपोआप सुटतो. क्रेऑन आणि योकास्टा एका प्रवेशात ईडिपससमोर बोलतात, म्हणून ते दोन वेगळे नट. योकास्टा आणि कॉरिंथचा दूत एकत्र येतात, म्हणजे दूत क्रेऑनच्या नटाकडे. दूत आणि धनगर समोरासमोर येतात, म्हणजे धनगर योकास्टाच्या नटाकडे. योकास्टा १०७२ व्या ओळीला आत जाते आणि चाळीसेक ओळींत तोच नट मुखवटा बदलून धनगर म्हणून परततो. ज्या आवाजानं ‘माझं ऐक, शोधू नकोस’ म्हणून विनवलं, तोच आवाज आता ‘ते मूल तिनं मला दिलं’ अशी साक्ष देतो. गणितासारखा फळ्यावर मांडून दाखवला तर हा हिशेब मुलांना विलक्षण आवडतो, आणि प्रयोगाचा विचार करत वाचणं म्हणजे काय हे एका झटक्यात कळतं. टायरेसिअस कुणाला द्यायचा यावर वाद घालू द्यावा. तिथे दोन्ही पर्याय चालतात.

वृंदाची गीतं गाळू नयेत. वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यांच्यावर चालते, आणि मग नगराचं मत कसं हळूहळू बदलतं हे हातून जातं. पंधरा मुलांनी एकत्र वाचलं तर मागच्या बाकावरचे, ज्यांना एकट्यानं वाचायचा संकोच वाटतो, तेही आवाज काढतात.

सातव्या तासिकेपूर्वी वर्गाला स्पष्ट सांगावं की पुढच्या भागात योकास्टाचा गळफास आणि ईडिपसचं स्वतःचे डोळे फोडून घेणं यांचं तपशीलवार वर्णन आहे. ग्रीक रंगभूमीवर हे आत घडतं आणि दूत येऊन सांगतो. आपणही ते वाचावं, अभिनय करायला लावू नये. वर्गात कुणाच्या घरात अशी घटना घडलेली असू शकते. त्या मुलाला बाहेर थांबायची मोकळीक आधीच, सगळ्यांदेखत नाव न घेता, दिलेली असावी.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठा घोळ ‘हामार्तिया’ या शब्दाचा. ॲरिस्टॉटलनं ‘काव्यशास्त्रा’च्या तेराव्या प्रकरणात हा शब्द वापरला, उदाहरणांत ईडिपसचं नाव घेतलं, आणि दुर्गुणामुळे नव्हे तर हामार्तियामुळे नायक पडतो असं सांगितलं. ज्या क्रियापदापासून तो शब्द आला त्याचा अर्थ नेम चुकणं. वर्गात त्याचा ‘स्वभावदोष’ होतो, स्वभावदोषाचा ‘अहंकार’ होतो, आणि शेवटी ‘गर्वाचं घर खाली’ एवढंच उरतं. ॲरिस्टॉटल ज्याला नाही म्हणतो तेच आपण त्याच्या नावावर खपवतो. विंदा करंदीकरांचं ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आहे. त्यातलं एवढं एक प्रकरण नाटकानंतर वाचावं, आधी नको.

ईडिपस तापट आहे हे कुणी नाकारत नाही. टायरेसिअस बोलायला तयार नाही म्हणताच तो त्यालाच कटात ओढतो. क्रेऑनला तर पुराव्याशिवाय मरणाची शिक्षा सुनावायला निघतो. त्या प्रवेशात वृंद बजावतो की झटपट विचार करणारे सुरक्षित नसतात, आणि ईडिपस म्हणतो की शत्रू झटपट हालतोय तर मलाही तसंच हाललं पाहिजे. तिथेच क्रेऑनचं एक उत्तर आहे, भिंतीवर लावण्यासारखं : जे मला कळत नाही त्याबद्दल मी बोलत नाही. शेवटी धनगर बोलेना तेव्हा ईडिपस त्याचे हात पिरगाळायला लावतो. तिन्ही ठिकाणी नमुना एकच. समोरचा गप्प बसला म्हणजे तो दोषी.

पण हाच रेटा नसता तर सत्य बाहेर आलं असतं का? टायरेसिअसनं जाऊ दे म्हटलं. योकास्टानं पाया पडून थांब म्हटलं. धनगरानं देवाची शपथ घालून पुढे विचारू नका म्हटलं. मी भयंकर बोलण्याच्या काठावर आहे, असं धनगर म्हणतो तेव्हा ईडिपसचं उत्तर आहे : आणि मी भयंकर ऐकण्याच्या, पण ऐकलंच पाहिजे. त्याचा दोष आणि त्याचं थोरपण एकाच मुळातून आलेलं आहे. हे दोन्ही एका वाक्यात धरायला विद्यार्थ्याला जमलं, की ‘नियती आणि अहंकार’ हे उत्तर त्याच्या हातून पुन्हा लिहिलं जाणार नाही. आत्ताच्या काळात माणसाला एका शब्दात चांगला किंवा वाईट ठरवून पुढे जायची सवय मुलांना फार लवकर लागते. ती सोडवण्याचं याहून चांगलं साधन आम्हाला ठाऊक नाही.

दुसरी गोची ‘शोकांतिका’ या शब्दाची. अपघाताच्या बातमीपासून क्रिकेटच्या पराभवापर्यंत सगळ्याला हा शब्द लागतो, म्हणून मुलांना वाटतं शेवट रडका असला की झालं. युरिपिडीझच्या ‘हेलन’सारख्या काही ग्रीक ट्रॅजेडींचा शेवट चक्क सुखाचा आहे. ‘शोकात्मिका’ हा समीक्षकांनी रुजवलेला शब्द म्हणून अधिक नेमका. इथे दुःख शेवटी येत नाही, ते पहिल्या ओळीपासून रचनेत असतं. ॲरिस्टॉटल चौदाव्या प्रकरणात म्हणतो की ईडिपसची कथा नुसती ऐकणाऱ्यालाही कापरं भरावं. ही ओळ सारांशाच्या बाजूनं वापरता येईल असं वाटतं, पण त्याचा भर घटनांच्या मांडणीवर आहे. दूत आनंदाची बातमी घेऊन येतो आणि त्याच तोंडानं सर्वनाश होतो, हा उलटा फेर त्यानं अकराव्या प्रकरणात याच नाटकातून दाखवला. मांडणी गाळली तर कापरं कुठून भरणार?

तिसरं, हे परकं आहे, आपल्याकडे शोकनाट्य नाहीच, असा आक्षेप येतो. संस्कृत नाटककार भासाच्या ‘ऊरुभंगा’त मांडी मोडलेला दुर्योधन रंगमंचावर प्राण सोडतो, एवढं सांगून पुढे जावं. मराठी विद्यार्थ्याला त्याहून जवळची जोड हवी असेल तर ईडिपसनंतर लगेच गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घ्यावं. त्याचाही सारांश एका घोषणेत मावतो : दारू वाईट. नाटक उघडलं की दिसतो सुधाकर, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला बुद्धिमान वकील, कोर्टातल्या अपमानानं आणि सनद गेल्यानं आतून सोललेला. तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो तो अपमान विसरायला. मग प्रश्न दारूचा राहत नाही, अपमान सोसता न येण्याचा होतो. आणि शेवटी मरणाच्या दारातली सिंधू नवऱ्याला वाचवायला पोलिसांपुढे खोटा जबाब देते. तक्त्याचा तिसरा रकाना इथेही भरून बघावा.

आठवी तासिका

निबंध नको. ‘ईडिपसचे स्वभावचित्र’ मागितलं की गाइड परत येतं. त्याऐवजी दीडशे ते दोनशे शब्दांचे दोन कागद मागवावेत. पहिल्यावर ईडिपसचा एक असा निर्णय निवडायचा जो त्या क्षणी, त्याच्याकडे असलेल्या माहितीवर, वेगळा घेता आला असता. मात्र ‘त्या क्षणी त्याला काय ठाऊक होतं’ हे ओळींनिशी दाखवायचं. इथे मुलं हटकून घसरतात आणि स्वतःला ठाऊक असलेलं त्याच्या डोक्यात घालतात. असा कागद परत द्यावा, लाल शाईनं फक्त ओळक्रमांक विचारून. खुनी सापडण्याआधीच शिक्षा आणि शाप जाहीर करणं, हा निर्णय बरेचजण निवडतात आणि तो चांगला आहे, कारण त्यानंतर ईडिपसला तपासातून बाजूला होण्याची वाटच उरत नाही. विधीच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या प्रकरणात स्वतः न्यायाधीश होऊ नये हे तत्त्व इथे आपसूक भेटतं.

दुसरा कागद धनगराचा जबाब. पोलिस ठाण्यात नोंदवतात तसा, प्रथमपुरुषी, तारीखवार. नाटकात त्यानं जे सांगितलं तेवढंच घ्यायचं, आणि त्याखाली त्याला न विचारलेले प्रश्न लिहायचे. राजाला पाहून तू गाव का सोडलंस? बाळाला मारायला सांगितलं असताना दिलंस का? याचं उत्तर त्यानं दिलेलं आहे, त्याला दया आली; मग तो प्रश्न खोडायचा. नाटक संपतं तेव्हा साथ गेली की नाही हेही कुणी सांगत नाही, पण ते धनगराला विचारून उपयोग नाही. यादी जितकी छाटली जाईल तितकी बरी. छाटता छाटता ज्याच्या कागदावर शेवटी एवढं उरेल त्यानं नाटक वाचलं : ‘त्या दिवशी तिठ्यावर तुमच्यावर चालून आलेले किती जण होते?’